ॲलर्जी शोधत बसण्याआधी त्याला ऐकू किती येतंय ते बघा

पुण्याहून एका आईने लिहिलंय. मुलगा साडेचार वर्षांचा, ज्युनियर केजीत. गेल्या हिवाळ्यापासून चार वेळा कान ठणकला, दर वेळी ताप, रात्रभर रडणं आणि शेवटी अँटिबायोटिक. आता दुखत नाही, पण ईएनटी डॉक्टरांनी महिन्याच्या अंतराने दोनदा तपासलं, दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी आहे. अजून दोन महिने वाट बघू, नाही गेलं तर ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची बारीक नळी, टाकावं लागेल आणि ॲडेनॉइडचंही, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठीचंही, बघू, असं ते म्हणाले. बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं मुळात ॲलर्जी आहे, कारण सकाळी उठला की शिंकांची माळ, सारखं नाक चोळणं, डोळ्यांखाली काळं. त्यांनी नाकात मारायचा स्प्रे आणि रात्री माँटेलुकास्ट-लिव्होसेट्रिझिनचं सिरप लिहून दिलं. सिरप चालू आहे, स्प्रे मात्र स्टेरॉइडचा आहे असं कळल्यावर कपाटातच राहिला. सासूबाईंनी दूध, दही, केळं बंद केलंय आणि लसूण घालून कडवलेलं तेल कानात घालूया म्हणतायत. शाळेतल्या टीचर म्हणतात लक्ष देत नाही, बाबा म्हणतात हट्टी झालाय, हाक मारली तरी ढिम्म हलत नाही आणि टीव्ही मोठ्याने लावतो. आईला आता शंभरच्या वर पदार्थांची तपासणी करणारं एक महागडं ॲलर्जी पॅनेल करून घ्यायचंय. त्या विचारतात, "एकदा नेमकी कशाची ॲलर्जी ते सापडलं आणि ते बंद केलं की कान आपोआप बरे होतील ना? ऑपरेशन टळेल ना? मी तो सात महिन्यांचा असताना कामावर रुजू झाले, पाळणाघरात ठेवला, त्यामुळे तर नाही ना हे झालं?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ॲलर्जीबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंय आणि शाळेतली तक्रार, टीव्हीचा आवाज, हाकेला ओ न देणं हे सगळं एका वाक्यात उरकलंय, आणि मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याच वाक्याची वाटली. मी डॉक्टर नाही, पण लहान मुलांचं ऐकणं तपासायच्या कामात बरीच वर्षं गेलीत, आणि दोन्ही कानांत पाणी असलेला साडेचार वर्षांचा मुलगा जर हाकेला वळत नसेल तर आधी तो हट्टी आहे असं मी म्हणणार नाही, आधी त्याला ऐकू किती येतंय ते मोजा असं म्हणेन. पत्रात कुठेच ऑडिओमेट्री झाल्याचं दिसलं नाही. चार अँटिबायोटिक झाली, आता महागडं पॅनेल करायचं चाललंय, पण ऐकण्याची साधी तपासणी झालेली नाही. ती आधी करा, बाकी सगळं त्यानंतर.

आता ॲलर्जी आणि कानाचा संबंध काय ते नीट समजून घेऊया, कारण बालरोगतज्ज्ञ आणि ईएनटी यांच्यात कोणीतरी एकच बरोबर आहे असं तुम्ही धरून चालला आहात, आणि मला वाटतं दोघंही बरोबर असू शकतात. पडद्यामागे जी छोटी पोकळी असते, म्हणजे मधला कान, तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते, युस्टेशियन ट्यूब म्हणतात ती. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते, हवा आत जाते, आतलं पाणी घशाकडे निघून जातं. मोठ्या माणसांत ती लांब आणि उतरती असते. लहान मुलांत ती आखूड, जवळजवळ आडवी आणि लवचिक असते, म्हणजे नाकात सर्दी झाली की जंतू वर चढायलाही सोपं आणि सूज आली की बंद पडायलाही सोपं. नळी बंद राहिली की आतली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत पाणी साठतं, कधी पातळ, कधी डिंकासारखं चिकट. ॲलर्जीने नाकातली त्वचा सुजते, ती सूज त्या नळीच्या तोंडापर्यंत जाते, मागचे ॲडेनॉइडही फुगलेले राहतात. संबंध आहे तो इथे आहे. म्हणजे ॲलर्जी कानात इन्फेक्शन करत नाही, ती नळीचं काम बिघडवते, मग साध्या व्हायरल सर्दीलाही कान लवकर बळी पडतो.

पण यातून "ॲलर्जी गेली की कान बरे" हे आपोआप निघत नाही हो, आणि तुमचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे म्हणून हे जरा सविस्तर सांगते. नाकात ॲलर्जी नसलेल्या कितीतरी मुलांच्या कानात पाणी साठतं, नुसत्या सर्द्यांमुळे. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली या पाण्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात म्हटलंय की साधारण ९० टक्के मुलांना शाळेत जायच्या वयाआधी कधी ना कधी हे होऊन जातं, आणि बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप जातं. त्याच कागदात स्पष्ट लिहिलंय की फक्त कानातलं पाणी घालवायला अँटिहिस्टामिन (ॲलर्जीचं औषध), डिकंजेस्टंट (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध), अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड, तोंडावाटे असो नाहीतर नाकातला स्प्रे, यातलं काहीही देऊ नये, कारण फायदा दिसत नाही. ब्रिटनमध्ये ४ ते ११ वर्षांच्या मुलांवर स्टेरॉइड स्प्रेची चाचणी झाली होती, २००९ मध्ये छापून आली, तिथेही स्प्रेवाली मुलं आणि नुसतं खोटं औषध दिलेली मुलं यांच्या कानात फरक निघाला नाही, दोन्ही गटांत बऱ्याच मुलांचं पाणी गेलं.

मग बालरोगतज्ज्ञांनी स्प्रे का दिला? नाकासाठी दिला. पहाटेच्या शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, खाज, तळहाताने नाक वर ढकलत चोळणं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि ताप अजिबात नाही, हे चित्र ॲलर्जीचंच आहे, आणि त्यावर नाकातला स्टेरॉइड स्प्रे हा चांगला उपाय मानला जातो. मुलाचं नाक रात्री मोकळं राहिलं, तोंड उघडं टाकून झोपणं कमी झालं, झोप पुरी झाली, एवढा फायदा सुद्धा लहान नाही. कानाला त्यातून मदत झाली तर उत्तमच, पण स्प्रे चालू केला आणि महिन्यात पाणी गेलं नाही तर "औषध फेल गेलं" असं म्हणून बंद करू नका, त्याचं काम नाकाचं होतं.

स्टेरॉइड या शब्दाने तुम्ही घाबरलात ते समजतं. आपल्याकडे स्टेरॉइड म्हटलं की गोळ्या घेऊन सुजलेला चेहरा डोळ्यांसमोर येतो. या स्प्रेमध्ये मात्रा फार कमी असते, मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन फ्युरोएट दोन वर्षांच्या वरच्या मुलांत वापरतात, आणि रक्तात त्यातलं अगदी थोडं पोचतं. खूप महिने चालू राहिला तर डॉक्टर मुलाची उंची बघत राहतात, तेही विचारायला लाजू नका. मारायची पद्धत मात्र महत्त्वाची: डोकं किंचित खाली, मागे टाकायचं नाही, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, नोझलचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर, कानाच्या बाजूला, म्हणजे रक्त येत नाही. जोरात ओढायला सांगू नका, ओढलं की घशात जातं आणि कडू लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी तोंड फिरवतो. रोज मारला तर परिणाम काही दिवसांनी दिसतो, शिंका आल्या की मारला आणि थांबल्या की सोडला असं करून फारसा फायदा होत नाही.

आणि गंमत बघा, ज्या औषधाला तुम्ही घाबरलात त्यापेक्षा जे बिनधास्त चालू आहे त्याच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवंय. माँटेलुकास्टवर अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये सगळ्यात कडक स्वरूपाचा इशारा घातला, मनावर आणि वागण्यावर होणाऱ्या परिणामांबद्दल: भीतीदायक स्वप्नं, चिडचिड, आक्रमकपणा, उदासी, आणि नाकाच्या साध्या ॲलर्जीसाठी इतर औषधं चालत नसतील तरच वापरा असंही सांगितलं. सगळ्या मुलांना हे होतं असं अजिबात नाही, बहुतेकांना काही होत नाही. पण "हट्टी झालाय" हे सिरप सुरू होण्याआधीपासून आहे की नंतरचं, झोपेत दचकून उठतो का, हे तारखेनिशी आठवून बघा आणि डॉक्टरांना फोन करून विचारा की हे अजून लागतंय का, स्प्रेवर भागेल का. सर्दीची औषधं दुकानातून आणायची सवय असेल तर तीही सोडा. क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलएफ्रिन एकत्र असलेली सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असं आपल्याच औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय, तुमच्या घरात किंवा बहिणीच्या घरात लहान बाळ असेल तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा.

आता ते पॅनेल. माझं मत सरळ आहे, आत्ता पैसे घालू नका. शंभर पदार्थ तपासले की पाच-दहा "पॉझिटिव्ह" येणारच, मग गहू बंद, शेंगदाणे बंद, अंडं बंद, आणि मुलगा ते सगळं आजवर खुशाल खात आलेला असतो. तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे शरीराची त्या गोष्टीशी ओळख झाली एवढंच, त्रास होतो का हे मुलाकडे बघूनच ठरतं. त्यातही काही पॅनेल रक्तातल्या आयजीजी नावाच्या अँटिबॉडी मोजतात, त्याचा ॲलर्जीशी संबंधच नाही, ते तर नकोच. शिंकांचं कारण शोधायचंच असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊन मोजक्या हवेतल्या गोष्टींची, धुळीतले किडे, बुरशी, झुरळं, परागकण यांची, त्वचेवरची प्रिक टेस्ट करता येते, फक्त त्याआधी सिरप काही दिवस बंद ठेवावं लागतं, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. पण ती टेस्ट काहीही आली तरी ग्रोमेटचा निर्णय त्यावर ठरत नाही, तो पाणी किती दिवस राहिलं आणि ऐकू किती येतंय यावर ठरतो.

दूध, दही, केळं यांबद्दल सासूबाईंशी भांडू नका, त्यांचा जीव तुटतोय म्हणूनच त्या करतायत. पण दुधाची खरी ॲलर्जी वेगळी दिसते, प्यायल्यावर थोड्या वेळात अंगावर गांधी, उलट्या, ओठ सुजणं. असं काही नसेल तर कानातल्या पाण्यासाठी दूध-दही तोडायला आधार नाही, आणि वाढत्या मुलाच्या ताटातून कॅल्शियम आणि प्रोटीन जातं ते वेगळंच. बालरोगतज्ज्ञांकडच्या पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांनाच विचारू दे, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की सगळं सोपं होतं. तेलाबाबत मात्र मी ऐकणार नाही. त्रास पडद्याच्या आत आहे, वरून घातलेलं तेल तिथे पोचतच नाही, आणि कान फुटून पडद्याला बारीक भोक पडलेलं असलं तर तेच तेल आत जाऊन नवीन इन्फेक्शन करतं. गरम तेलाने भाजतं. कॉटन बडही नको. भांड्यातल्या उकळत्या पाण्याची वाफ पण या वयाला नको, भांडं कलंडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत, त्याऐवजी नाकात साधे सलाईनचे थेंब घाला.

घरात काय बदलायचं? पुण्यात पाऊस सरता सरता दोन गोष्टी एकदम होतात, घरात ओल आणि बुरशी, बाहेर गाजर गवताला फुलं. हे काँग्रेस गवत १९५० च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं होतं आणि आता प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर उभं आहे, सोसायटीच्या कंपाऊंडलगत असेल तर फुलं येण्याआधी उपटायला लावा, मुलाला त्यात खेळू देऊ नका. घरात मात्र सगळ्यात मोठा वाटा बहुतेक गादी-उशीतल्या धुळीच्या किड्यांचा असतो. चादरी, उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात, साठ अंशाच्या आसपास, धुवा, जुनी कापसाची उशी बदला, मऊ खेळणी पलंगावरून खाली, फडक्याने झटकण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. दिवाळीची झाडझूड निघेल तेव्हा माळा, पंखे, गाद्या काढायच्या दिवशी त्याला आजोळी पाठवा. आणि धूर. पत्रात कोणी सिगारेट ओढतं का ते नाही, पण ओढत असेल तर गॅलरीत जाऊन ओढलेली सुद्धा चालणार नाही, कारण सिगारेटच्या धुराचा आणि मुलांच्या कानांचा संबंध ॲलर्जीपेक्षा जास्त पक्का आहे. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, ओव्याची धुरी, त्याच्या झोपायच्या खोलीत तरी नको.

आता ऐकण्याकडे येते. कानात पाणी असलेलं मूल ठार बहिरं नसतं, म्हणूनच कळत नाही. जवळ बसून, तोंडाकडे बघत बोललं तर सगळं समजतं, मागून किंवा गोंगाटात हाक मारली की काहीच नाही. तुम्ही दोघं आज रात्री दोन्ही कानांत घट्ट बोटं घाला आणि टीव्ही चालू ठेवून एकमेकांशी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये बोलून बघा, त्याच्या बाबांना विशेषतः करायला लावा. चाळीस मुलांच्या वर्गात तो रोज तसा बसतोय. दुपारी थकून घरी आल्यावर चिडचिड का करतो त्याचं उत्तर तिथेच मिळेल कदाचित.

म्हणून ईएनटींना दोन तपासण्या मागा: टिंपॅनोमेट्री, जिच्यात पडदा किती हलतोय ते दिसतं, दुखत नाही, दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याच्या वयाची ऑडिओमेट्री, ज्यात आवाज आला की ठोकळा टाकायचा असं खेळवत खेळवत घेतात. सर्दी ऐन भरात असताना नको, आणि पोट भरलेलं, झोप झालेली असताना न्या नाहीतर अर्ध्यातच रडायला लागतो. कागदावर पाणी पहिल्यांदा कधी दिसलं ती तारीख लिहा. दोन्ही कानांत सलग तीन महिने पाणी राहिलं आणि ऐकणं कमी निघालं तर ग्रोमेट हा विचार करण्यासारखा चांगला पर्याय आहे, ती हार नाही. बारीक नळी पडद्यात बसवतात, भूल द्यावी लागते, पण ऑपरेशन थोड्या मिनिटांचं असतं आणि बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात. ऐकण्यात फरक लगेच जाणवतो, बरीच मुलं गाडीत "आवाज मोठा का आहे" म्हणतात. नळी साधारण सहा ते अठरा महिन्यांत स्वतःहून निघून येते. कधीकधी कान वाहतो, त्याला थेंब असतात, आणि थोड्या मुलांत नंतर छोटं भोक राहतं, हे धोके डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. चार वर्षांवरच्या मुलांत ॲडेनॉइड काढल्यानेही पाणी परत साठायचं प्रमाण कमी होतं, म्हणून तो घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का, हे मोबाईलवर एका रात्रीचा व्हिडिओ काढून दाखवा, शब्दांत सांगण्यापेक्षा ते बरं. आणि उलट, तीन महिने होण्याआधी पाणी जायला लागलं, ऐकणं ठीक निघालं, तर थांबायला काहीच हरकत नाही. या वयाच्या मुलांसाठी नाकाने फुगा फुगवायचा एक व्यायामही असतो, खास नोझलचा फुगा मिळतो, थोडा फायदा होतो, धोका जवळजवळ नाही, डॉक्टरांना विचारा.

चार अँटिबायोटिकबद्दल एवढंच: सहा महिन्यांत तीन किंवा वर्षात चार वेळा कान ठणकणं याला डॉक्टर वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात, त्यात तो बसतो, तेव्हा ही यादी तारखांसकट ईएनटींना द्या. पुढच्या वेळी दुखलं तर पहिल्या तासाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या आणि डॉक्टरांना विचारा की दोन-तीन दिवस वाट बघून मग ठरवू का, दोन वर्षांवरच्या मुलाला सौम्य त्रास असेल तर तसं करता येतं. ताप खूप असेल, पू येत असेल, तर वाट बघायची नाही. कानामागे सूज किंवा लाली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, मान आखडणं, सारख्या उलट्या, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. न्यूमोकॉकलची लस झालीय ना ते कार्डावर बघा, फ्लूची दर वर्षीची लस पण विचारा, सर्द्या कमी झाल्या की कानही कमी दुखतात.

पाळणाघराचं विचारलंत. हो, पाळणाघरातल्या मुलांना सर्द्या जास्त होतात आणि त्यामुळे कानही जास्त दुखतात, हे खरं आहे, खोटं सांगून तुम्हाला बरं वाटावं असं मी करणार नाही. पण घरी राहिलेली मुलं शाळेत गेली की त्याच सर्द्या तेव्हा घेऊन येतात. तुम्ही कामावर गेलात म्हणून त्याची कानापासून नाकाकडे जाणारी नळी आखूड झालेली नाही, ती त्या वयाला सगळ्यांचीच तशी असते आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वाढेल. कामावर गेलात ही चूक नव्हती, आणि ती चूक शोधण्यात जी ताकद जातेय ती या आठवड्यात टीचरशी बोलण्यात घाला: त्याला पहिल्या बाकावर बसवा, सूचना देताना त्याच्यासमोर येऊन द्या, समजलं का असं विचारू नका, त्याला ती परत म्हणायला सांगा. घरी पण नावाने हाक मारा, तो वळला की मगच पुढचं बोला, आणि बोलताना टीव्ही बंद. तपासणी होईपर्यंत त्याला हट्टीपणासाठी ओरडा बसणार नाही एवढं त्याच्या बाबांकडून कबूल करून घ्या.

ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट आला की दोन्ही कानांचे आकडे मला कळवा, कमी निघालं तर ग्रोमेटच्या आधी डॉक्टरांना काय काय विचारायचं ते पुढच्या वेळी लिहीन.